गळता सूर

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकायचं असेल तर टेका, पण कान इकडे द्या, कारण आजची गोष्ट कानांचीच आहे. कीर्तनाला उशिरा पोचलेला माणूस पार मागे चपलांपाशी बसतो. बुवांचे शब्द त्याच्यापर्यंत पोचत नाहीत, नुसता टाळांचा गजर पोचतो, आणि तरी तो उठून जात नाही. तशा एका माणसाची, त्याच्या बायकोची आणि बायकोच्या थोरल्या बहिणीची ही गोष्ट आहे. देवाचं नाव घेऊन सुरू करतो. मध्येच कुणी उठू नका.

पत्रेकाका पत्र्याचं काम करायचे. बादल्या, नळ्या, धुराडी, झाकणाचे डबे. खाली दुकान, वर दोन खोल्या. जन्मभर हातोडी चालवून त्यांचे कान अर्धे गेले होते, पण ते कबूल करतील तर शपथ. "हल्ली लोकच पुटपुटतात," म्हणायचे. त्यांच्या बायकोला सगळे धाकटी म्हणत. तिचे कान मात्र असे, की खाली दुकानात खिळा पडला तरी वरून सांगेल, चुकीचा घेतलात. एकुलती एक लेक चिमणी शाळेत शिकवायची. शाळेत ती नको ते बोलली, बोललेलं परत घ्यायला तयार झाली नाही, आणि एके दिवशी चार जणांबरोबर डोंगराच्या वाटेला लागली. निघताना बापाने स्वतः केलेला पाण्याचा डबा तिच्या पिशवीत घातला, मावशीने विणलेले पायमोजे घातले. त्यानंतर काही कळलं नाही. पोचली की वाटेत राहिली, एवढंच त्या दोघांना जाणून घ्यायचं होतं.

आणि ते कळायचा मार्ग एकच होता. डोंगरापलीकडे एक रेडिओ केंद्र होतं. दुपार कलली की तिथे आधी एक बाई देवाचं गाणं म्हणायची आणि मग पोचलेली माणसं स्वतःच्या आवाजात घरी निरोप द्यायची. नावं घ्यायची नाहीत, फक्त घरचं लाडाचं नाव, म्हणजे ज्याचं त्याला कळावं. डोंगराच्या अलीकडे ते केंद्र ऐकायला बंदी होती. घरोघरचे रेडिओ उचलून नेऊन त्यांच्या जागी एकच केंद्र लागणारी खोकी वाटली होती. ज्या घरात दुसरा रेडिओ सापडे त्या घराला बाहेरून कुलूप लागे, आणि आतली माणसं कुठे गेली हे विचारायला जाणाऱ्याचंही घर मग रिकामं दिसे. रस्त्यांवरून एक करडी गाडी फिरायची. छपरावर गोल कडं, खिडक्यांना पडदे. तिचा वेग बैलगाडीचा. ती गल्लीत शिरली की मुलं आपणहून खेळ थांबवायची.

धाकटीची थोरली बहीण, जिला आपण मावशी म्हणू, रेडिओच्या कारखान्यात इंजिनिअर होती. मिक्सरच्या विभागात तिची उमर गेली. लग्न केलं नाही, खोलीत एकटी राहायची, आणि चिमणीवर तिचा जीव आईपेक्षा कमी नव्हता. पण कारखाना आता घरगुती रेडिओ करत नव्हता. करड्या गाड्यांच्या आत बसवायची यंत्रं करत होता.

"ताई, मला एक कळत नाही," धाकटी एकदा म्हणाली. "ऐकणारा तर गप्प बसलेला असतो. मग त्याला पकडतात कसं?"

"माणूस गप्प असतो. रेडिओ नसतो," मावशी म्हणाली. "रेडिओच्या पोटात एक भाग सतत एकच सूर धरून असतो. बाहेरून आलेला सूर आणि हा आतला सूर मिक्सरमध्ये एकत्र येतात."

"मिक्सर?" काकांना तेवढा शब्द बरोबर ऐकू आला. "स्वयंपाकघरातला?"

"त्यात घातलेलं वाटलं जातं, पत्रेवाले. ह्यात दोन सूर घातले की त्यांच्या फरकाचा तिसरा निघतो. तोच पुढे आवाज होऊन आपल्याला ऐकू येतो. पण मिक्सर चांगला नसेल तर आतला सूर मागच्या मागे झिरपतो, एरियलच्या तारेवर चढतो आणि बाहेर पडतो. शिट्टीसारखा. आपल्याला ऐकू येत नाही. गाडीला येतो."

"म्हणजे ऐकणाराच ओरडत असतो," धाकटी म्हणाली, आणि तिने उगाचच खिडकीचा पडदा सारखा केला.

ओरडणार नाही असा रेडिओ करायचा, असं मावशीने ठरवलं. पहिला केला तो गळका निघाला. मिक्सरमध्ये चार डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे चिमुकले भाग, कड्यासारखे बसवायचे असतात. चौघे अगदी सारखे असले तर आतला सूर दोन्ही बाजूंनी येऊन एकमेकांना खोडतो. एक जरी वेगळा निघाला तरी तोल जातो आणि सूर बाहेर वाहतो. मावशीने तो रेडिओ तिच्या खोलीतल्या टेबलावर घड्याळाच्या स्विचला जोडून, एरियल न लावता काही दिवस तपासला, मग वायर काढून तसाच ठेवून दिला. दुसऱ्यासाठी तिने मूठभर डायोड एकेक करून मोजले, तेव्हा कुठे चार जुळी भावंडं मिळाली. आतल्या सुराची जागाही तिने नेहमीची घेतली नाही. गाड्या जिथे शोधतात तिथून दूर, आडबाजूला, स्वतः निवडून ठेवली.

तरी एक काम उरलं होतं. ते तिने काकांना त्यांच्याच धंद्यातून समजावलं.

"रुंद नळीला एकदम अरुंद नळी जोडली तर काय होतं?"

"पाणी मागे उसळतं. जोड कितीही चांगला दिलात तरी."

"तसंच आहे. एरियलची तार एक मापाची, मिक्सर दुसऱ्या मापाचा. मापं जुळली नाहीत की सूर मागे उसळतो, चौघांचा तोल बिघडवतो, आणि गळती वाढते. म्हणून तार आत शिरते त्या दारातच हे तीन रेझिस्टर, विजेला आवर घालणारे, बसवलेत. बाहेरची तार कशीही असो, मिक्सरला तिचं माप सारखंच दिसतं. आणि जे काही झिरपेल त्याला बाहेर पडताना ह्यांच्यातूनच जावं लागतं."

"मग येणाऱ्याला?"

"येणाऱ्यालाही. आवाज बारीक होणार. त्याला इलाज नाही."

काकांनी मान हलवली. अर्धं ऐकू आलं होतं, अर्धं त्यांनी आपल्या मनाने भरून घेतलं. त्यांच्या वाट्याला रेडिओचं खोकं करायचं काम आलं आणि ते त्यांनी जीव ओतून केलं. पत्रा असा वाकवला की कोपरा बोटाला लागू नये, सांधे असे सोल्डर केले की आत मुंगीही शिरू नये. खोकं तयार झालं तेव्हा त्यांनी ते पाण्याने भरून उजेडात धरलं.

"पत्रेवाले, ह्यात पाणी नाही ठेवायचं," मावशी हसून म्हणाली.

"गळती ती गळतीच, ताई. सांध्यातूनच होते. माझ्या हातचा डबा आजवर गळला नाही."

"ही सांध्यातून होत नाही. तारेवरून होते."

"पुटपुटू नका," काका म्हणाले, आणि खोकं पुसायला लागले.

रोज दुपारी मावशी कारखान्यात असायची, म्हणून ऐकायचं काम ह्या दोघांचं. एकाने कानाला श्रवणी, म्हणजे इअरफोन, लावायची, दुसऱ्याने खिडकीत उभं राहून फडकं झटकायचं आणि तिठ्याकडे लक्ष ठेवायचं. त्यांच्या खिडकीसमोरच तो तिठा होता. डावीकडचा रस्ता मावशीच्या खोलीकडे जायचा, उजवीकडचा ह्यांच्या दाराशी. गाडी दिसली तर फडकं झटकणं थांबवायचं आणि रेडिओ बंद करायचा.

आवाज खरोखरच बारीक होता. भिंतीपलीकडे कुणी देवापुढे हळू बोलावं तसा. धाकटीला शब्द कळायचे. काकांना गाण्याचा ठेका तेवढा कळायचा, आणि तेवढ्यावर ते मान डोलवत बसायचे. निरोप सुरू झाले की त्यांचा चेहरा असा व्हायचा, की धाकटी खिडकीबाहेर बघायची.

एका दुपारी धाकटीने श्रवणी घट्ट दाबून धरली आणि ती रडायला लागली.

"चिमणी होती?"

"तिचाच वाटला आवाज. शेवटचं ऐकलं मी. काहीतरी पोचल्याचं. पण मध्ये खरखर आली हो. बाबा म्हणाली की मामा म्हणाली, देव जाणे."

"वाटला म्हणजे काय? आपल्या पोरीचा आवाज तुला वाटतो?"

"मग तुम्ही ऐकायचात ना."

असं बोलायला नको होतं, हे तिला बोलल्याबरोबर कळलं. काकांनी श्रवणी पुसून जागेवर ठेवली.  त्या केंद्रावर आधीचे निरोप काही दिवसांनी पुन्हा लावत असत. म्हणजे आणखी एक संधी होती, आणि ती आपली आहे, असं त्यांनी मनाशी धरलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी पाण्याला गेली तेव्हा त्यांनी खोक्याचा एक सांधा तापवून उघडला. आत ते तीन रेझिस्टर दारातच दिसले. आवाजाचा गळा हेच दाबून बसलेत, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी ते काढले आणि त्यांच्या जागी तांब्याची एक सरळ तार जोडली. जोड सुरेख झाला. मग सांधा बंद केला, आणि बंद करताना त्यावर कथलाचा दुसरा थर दिला. चारही सांध्यांवर दिला. आता गळायचं नावच नको, असं म्हणून त्यांनी खोक्यावरून हात फिरवला. माणूस वाईट नव्हता हो. जन्मभर ज्याने सांधे जोडले, त्याला गळती म्हटल्यावर सांधाच दिसणार.

त्या दिवशी दुपारी श्रवणीतून गाणं आलं ते शब्दांसकट आलं. कितीतरी वर्षांनी देवाचं नाव त्यांच्या कानावर स्पष्ट पडलं. "अहो, आज हसताय," खिडकीतून धाकटी म्हणाली. "आज हवा स्वच्छ आहे," काका म्हणाले. खोकं उघडल्याचं त्यांनी तिला सांगितलं नाही. चिमणीचा निरोप मात्र त्या दिवशी लागला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

तिकडे कारखान्यात मावशीच्या टेबलावर गाडीचं नवं यंत्र होतं. हे यंत्र एका जागी शोधत नव्हतं. साऱ्या जागा आपणहून चाळत जायचं. पण त्याचाही मिक्सर सुरुवातीला गळका होता आणि त्याचाच सूर त्याच्या कानात घुमायचा. दुसऱ्याची कुजबुज ऐकायची तर आधी स्वतः गप्प व्हायला लागतं. गेले काही महिने मावशीला हेच काम दिलं होतं. तिने होईल तेवढी चालढकल केली, हा भाग नाही आला, तो जुळत नाही. शेवटी विभागाचे साहेब रोज येऊन खुर्ची ओढून शेजारी बसायला लागले, तेव्हा करावंच लागलं. काम चांगलं झालं. तिला वाईट करताच येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब आले, दुसरी श्रवणी कानाला लावली आणि म्हणाले, "चाळू द्या."

यंत्र चाळत गेलं. खरखर, शांतता, खरखर. आणि मग एका आडबाजूच्या जागी ते थांबलं. शिट्टी. बारीक, न हलणारी.

मावशीने तबकडीवरचा काटा बघितला. ती जागा शहरात फक्त तिला माहीत होती. तिनेच निवडली होती.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"आपल्याच मिक्सरचं असणार. गळती पुरती गेलेली दिसत नाही."

"काल तर तुम्हीच म्हणालात, गेली." साहेब मऊ बोलायचे. त्यांनी कधी कुणावर आवाज चढवलेला कुणाला आठवत नव्हता. "एरियल काढून बघा."

तिने एरियल काढलं. शिट्टी गेली. लावलं. शिट्टी आली. बाहेरचीच होती, आणि ते सिद्ध करणारं यंत्र तिच्याच हातचं होतं.

"छान," साहेब म्हणाले. "गाडी खाली उभीच आहे. यंत्र चढवू या. तुम्हीही चला, कडं तुम्हीच फिरवा. तुमच्याइतका कान कुणाचा नाही."

गाडीत पडदे ओढलेले होते. पुढे चालक, मागे साहेब आणि मावशी, मध्ये यंत्र. छपरावरचं कडं आतल्या दांड्याने फिरायचं. शिट्टी कुठे बुडते ते बघायचं आणि त्यावरून दिशा सांगायची. मावशी सांगत होती, "सरळ." सरळच सांगावं लागत होतं, रस्ता तेवढा एकच होता. तिला वाटत होतं, पत्रेवाल्याच्या खोक्याला धक्का लागला असेल. मग वाटलं, एखादा डायोड गेला असेल. मग तिला खोकं पाण्याने भरून उजेडात धरणारे काका आठवले, आणि तिला सगळं कळलं. राग आला नाही. आवाज बारीक आहे, हे तिनेच केलं होतं. ऐकणारा बहिरा आहे, हे तिला माहीत होतं.

तिठ्यावर गाडी थांबली. साहेबांनी पुढचा पडदा थोडा सारला. समोर माडीच्या खिडकीत एक बाई फडकं झटकत होती.

"डावीकडे की उजवीकडे?"

पडद्याच्या फटीतून दोघी बहिणींची नजर एक झाली. फडकं झटकणं थांबलं. कुणी मान हलवली नाही.

"डावीकडे," मावशी म्हणाली.

गाडी डावीकडे वळली. शिट्टी बारीक व्हायला लागली. मावशीने अंगठ्याने आवाजाची कळ थोडी चढवली. शिट्टी पूर्वीएवढी झाली, पण तिच्याबरोबर खरखरही वाढली.

"खरखर वाढली," साहेब म्हणाले.

"इथे भिंती उंच आहेत."

"असतील," साहेब म्हणाले, आणि तिच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

माडीवर धाकटीने खोलीबाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हटलं, "अहो, बंद करा. गाडी होती. ताई त्यात बसलीय."

काकांनी बोट वर केलं. थांब. डोळे मिटले होते. श्रवणीतून आवाज येत होता, इतका स्वच्छ की मागचा श्वाससुद्धा कळावा: "पत्रेवाल्या बाबांना सांगा, चिमणी पोचली. डबा अजून गळत नाही. मावशीला सांगा, पायमोज्यांनी पाय वाचवले. आईला सांगा, रडू नको."

त्यांनी रेडिओ बंद केला. गालांवरून पाणी वाहत होतं. "पोचली गं," ते म्हणाले. "सगळं ऐकलं मी. एक शब्द सुटला नाही." मग बायकोच्या तोंडाकडे बघून त्यांनी विचारलं, "तू काय म्हणालीस मघाशी?"

त्याच वेळी करडी गाडी मावशीच्या दाराशी पोचत होती. "इथे," ती म्हणाली, आणि शिट्टी तुटली.

साहेबांनी श्रवणी काढली. "बंद केलं कुणीतरी. कुणाचं घर आहे हे?"

मावशीने पदराच्या गाठीतून किल्ली काढली.

खोलीत कुणी नव्हतं. टेबलावर उघडा रेडिओ होता, शेजारी घड्याळाचा स्विच, सुटी पडलेली वायर. साहेब टेबलापाशी गेले. त्यांनी एका बोटाने वायर उचलली आणि सोडून दिली. स्विचच्या टोपणावर धूळ होती, तीही त्यांनी बघितली.

"तुम्ही तर दुपारभर माझ्याशेजारी होता. ऐकत कोण होतं?"

"घड्याळाने लागतो, घड्याळाने बंद होतो. मी असो नसो, निरोप माझ्या घरात यावेत एवढंच मला हवं होतं."

"वेडेपणा आहे."

"आहे."

ते खोटं आहे हे साहेबांना कळलं असावं, असं मला राहून राहून वाटतं. पण नव्या यंत्राने पहिल्याच दुपारी घर शोधून दिलं, असं वर सांगता येणार होतं. दुसरं घर शोधायची त्यांना घाई नव्हती. "अंगावर काहीतरी गरम घ्या," ते मऊ आवाजात म्हणाले. मावशीने शाल घेतली, देवापुढचा दिवा फुंकरीने नाही, बोटांनी शांत केला, आणि दाराला स्वतःच कुलूप लावलं. किल्ली साहेबांनी हात पुढे करून घेतली.

दुसऱ्या दिवशी काकांनी धाकटीसमोर खोक्याचा सांधा उघडला. तांब्याची सरळ तार तिने बघितली.  ते तीन रेझिस्टर काकांनी खिशातच ठेवले होते, ते त्यांनी तळहातावर घेतले आणि दाखवले, आणि मग तो हात त्यांना मिटताच येईना.

मावशी परत आली नाही. विचारायला कुणी गेलं नाही, कारण जाणाऱ्याचं घर रिकामं पडतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. करडी गाडी अजून फिरते, पूर्वीपेक्षा हळू. तिच्या पोटातलं यंत्र फार शांत आहे, आणि म्हणून तिला फार ऐकू येतं. काका अजून डबे करतात. डबा झाला की पाण्याने भरतात, उजेडात धरतात आणि बघत बसतात. डबा गळत नाही. तरी ते बघत बसतात.

तर मंडळी, उठायच्या आधी एवढं करा. घरी गेलात, रेडिओ लावलात, आणि दूरचा एखादा आवाज बारीक आला, तर बटण लगेच पिरगाळू नका. जरा कान जवळ न्या. आणि तसे वाकलेले असाल तेव्हा मनातल्या मनात मावशीची आठवण काढा. तिला चिमणीचा निरोप कुणी सांगितला की नाही, देवच जाणे. पायमोज्यांनी पाय वाचवले, एवढं तुम्ही तिला सांगा.